भिंतीत चिणलेली अनारकली

गेल्या ईदची गोष्ट. बासी ईदला खालाजान नेहमीप्रमाणे मिरजेला आमच्याकडे आल्या होत्या. दुपारची जेवणं झाली, दस्तरखान उचलला आणि शीरखुर्म्याच्या उरल्यासुरल्या वाट्या घेऊन सगळे पंख्याखाली बसले. टीव्हीवर जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम चालू होता. शीशमहलात मधुबाला नाचत होती आणि छतावरच्या आरशांत तिचीच प्रतिबिंबं दिसत होती. खालाजाननी ओढणीने डोळ्यांच्या कडा टिपल्या. म्हणाल्या, "बिचारी! भर दरबारात बादशहाला सुनावलं आणि शेवटी भिंतीत चिणून मेली."

"मेली कुठे, नानी? ती तर सुटते," माझा भाचा म्हणाला.

झालं. खालाजान उठून बसल्या. अम्मीने वाटी खाली ठेवली. एरवी या दोघी बहिणींचं कुठल्याच गोष्टीवर पटत नाही. त्याचं कारण पुढे सांगते. पण त्या दिवशी दोघी एका बाजूला झाल्या. "कालचं पोर तू, आम्हाला 'मुगल-ए-आझम' शिकवतोस? मैं खुद देखी ना, अपनी आँखों से!" असं खालाजाननी ठणकावलं. खरं सांगायचं तर मीही त्यांच्याच बाजूची होते. विटा एकावर एक चढताहेत, अनारकलीचा चेहरा हळूहळू झाकला जातोय आणि मग शेवटची वीट, हे मला लख्ख आठवत होतं. घरातल्या सात माणसांपैकी सहाजणांची आठवण तीच होती. सातवा माझा भाचा. त्याने तो चित्रपट गेल्याच महिन्यात पहिल्यांदा पाहिला होता.

त्याने फोनवर शेवट लावला. भिंत उभी राहते, हे खरं. पण त्याआधी अनारकलीची आई बादशहाला त्याच्या जुन्या वचनाची आठवण देते. सलीमच्या जन्माची खबर या दासीनेच आणली होती आणि खूश होऊन अकबराने तिला अंगठी देऊन म्हटलं होतं, जे मागशील ते देईन. आता ती मुलीचा जीव मागते. भिंतीच्या आडून एक भुयार उघडतं आणि मायलेकी अंधारातून राज्याबाहेर निघून जातात. अट एकच, सलीमला हे कधी कळता कामा नये.

घरात शांतता पसरली. मग खालाजान म्हणाल्या, "ही नवी कॉपी आहे. रंगीत केली तेव्हा शेवट बदलला."

त्यांचं हे म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. २००४ साली हा चित्रपट खरोखरच पूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित केला गेला होता. शेवट मात्र ५ ऑगस्ट १९६० रोजी, मुंबईच्या मराठा मंदिरात तो पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हापासून हाच आहे. पुढे निघालं की खालाजानना सगळाच चित्रपट रंगीत आठवतो, अगदी त्या तेरा वर्षांच्या असताना नानीसोबत पाहिला तेव्हापासून. मूळ चित्रपट बहुतांश काळा-पांढरा होता. शीशमहलातलं गाणं आणि अखेरचा काही भाग तेवढा के. आसिफ यांनी रंगीत चित्रित केला होता. जेवढं रंगीत होतं तेवढंच मनात राहिलं आणि त्याने बाकीच्या दोन-अडीच तासांनाही रंग लावला.

मग ती शेवटची वीट आम्हा सहा जणांना कुठून आठवत होती? मी आठवडाभर या प्रश्नाच्या मागे होते.

पहिला धागा अम्मीनेच दिला. 'मुगल-ए-आझम'च्या सात वर्षं आधी, १९५३ मध्ये, 'अनारकली' नावाचा चित्रपट आला होता. बीना राय अनारकली, प्रदीपकुमार सलीम आणि सी. रामचंद्र यांचं संगीत. त्या संगीतावर तो देशभर चालला. त्यात भुयार नाही. भिंत पुरी होते आणि अनारकली मरते. आमच्या नानीने तो पाहिला होता आणि त्याची गोष्ट ती मुलींना झोपताना सांगायची. म्हणजे अम्मीने आणि खालाजाननी 'मुगल-ए-आझम' पाहिला तो अनारकली भिंतीत मरते हे आधीच मनात धरून. मीही तीच गोष्ट अम्मीकडून ऐकली. गोष्टीतला शेवट कधीतरी पडद्यावर जाऊन बसला.

दुसरं कारण चित्रपटातच आहे. अनारकली जिवंत आहे हे सलीमला कळत नाही, दरबाराला कळत नाही, अख्ख्या हिंदुस्थानला कळत नाही. ते ठाऊक असतं फक्त बादशहाला, त्या मायलेकींना आणि आपल्याला. चित्रपटभर आपण सलीमच्या बाजूने असतो, म्हणून घरी जाताना त्याचंच दुःख सोबत घेऊन जातो. भुयार विसरायला होतं.

गंमत पुढेच आहे. ज्या अनारकलीवरून आम्ही घर डोक्यावर घेतलं, तिचा उल्लेख अबुल फजलच्या 'अकबरनामा'त नाही आणि खुद्द जहांगीरच्या आत्मचरित्रातही नाही. लाहोरला तिच्या नावाचा मकबरा आहे, बाजार आहे, प्रवाशांनी लिहून ठेवलेल्या ऐकीव कथा आहेत. आज आपण जी प्रेमकथा ओळखतो ती इम्तियाज अली 'ताज' यांच्या १९२२ च्या नाटकातून पुढे चित्रपटांत आली. म्हणजे इतिहासात जी भिंत सापडत नाही, तीच आपल्या आठवणीत सर्वांत पक्की बांधलेली आहे.

एकाच माणसाची चूक असती तर तिला विसराळूपणा म्हटलं असतं. पण अनेकांची चूक, तीही अगदी सारखी, म्हणजे काय? जगभर याला 'मंडेला इफेक्ट' असं नाव पडलं आहे. २०१० च्या सुमारास फियोना ब्रूम नावाच्या अमेरिकन लेखिकेच्या लक्षात आलं की, नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले अशी आपली पक्की समजूत होती आणि आपल्यासारखे इतरही बरेच जण आहेत. काहींना तर टीव्हीवरची अंत्ययात्राही आठवत होती. प्रत्यक्षात मंडेला ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले, १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर २०१३ ला वारले.

आपल्याकडे ही चूक फारशी कुणी करणार नाही. सुटकेनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात मंडेला भारतात आले होते आणि भारतरत्न घेऊन गेले होते. शिवाय कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घराण्यांचे नातेवाईक पिढ्यानपिढ्या केपटाऊनमध्ये आहेत. तिथल्या बातम्या त्यांच्याकडे पत्रांतून यायच्या. मंडेलांसोबत रॉबेन बेटावर अठरा वर्षं कैदेत राहिलेले अहमद कथराडा गुजराती मुस्लिम कुटुंबातले. ज्यांच्याशी आपलं नातं असतं त्यांच्याविषयी अशी गफलत सहसा होत नाही. लांबून, अर्धवट, दुसऱ्या बातमीत मिसळून जे ऐकलेलं असतं तिथे ती होते. दक्षिण आफ्रिकेचाच दुसरा नेता स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला आणि त्याच्यावर १९८७ मध्ये गाजलेला इंग्रजी चित्रपट निघाला. त्या चित्रपटातली अंत्ययात्रा कुणाच्या मनात मंडेलांची झाली असेल, तर ते आमच्या दोन अनारकलींसारखंच झालं.

हे नाव प्रसिद्ध झाल्यावर काहींनी त्यावर भलतेच इमले बांधले. म्हणे आपण एका जगातून दुसऱ्या जगात सरकलो आहोत आणि जुन्या जगाची आठवण तेवढी सोबत आली आहे. खालाजानचं "कॉपी बदलली" याच जातीचं. आपली आठवण चुकली असेल हे मानण्यापेक्षा जग बदललं हे मानणं माणसाला सोपं जातं!

शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी एक छोटा प्रयोग केला. विचारलं, 'शोले'मध्ये गब्बर सांभाला काय विचारतो? चार जणांनी एकदम गब्बरचा आवाज काढून सांगितलं, "अरे ओ सांभा, कितने आदमी थे?" चित्रपटात असं वाक्यच नाही. माणसं किती होती हा सवाल गब्बर हात हलवत परत आलेल्या कालियाला आणि त्याच्या साथीदारांना करतो. सांभा वर खडकावर बसलेला आहे आणि त्याला विचारलं जातं ते सरकारने लावलेल्या इनामाबद्दल. त्याचं उत्तर पन्नास हजार. दोन वेगळी वाक्यं नकलाकारांनी, जाहिरातींनी, गॅदरिंगच्या पोरांनी एकत्र शिवली. आज नक्कल करणारा ही शिवण उसवायला गेला तर प्रेक्षकच त्याला चुकलास म्हणतील.

पण याच 'शोले'ने मला सावधही केलं. आमच्या एका सहकाऱ्याने सांगितलं की त्याच्या आठवणीत ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून ठार मारतो. सगळे हसले, कारण चित्रपटगृहात आपण पाहिलं ते असं की ऐनवेळी पोलीस येतात आणि गब्बर त्यांच्या ताब्यात जातो. पण तो सहकारी खोटं बोलत नव्हता. मूळ शेवट तसाच चित्रित केला होता. १९७५ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, सेन्सॉरने तो बदलायला लावला. मूळ शेवट पुढे लोकांना पाहायला मिळाला आणि आमच्या सहकाऱ्याने कधीतरी तोच पाहिला असणार. तेव्हा सगळे हसतात म्हणून एकटा माणूस चुकतोच असं नाही, आणि सगळ्यांचं जुळतं म्हणून सगळे बरोबर असतात असंही नाही. आमच्या घरी सहा जण विरुद्ध एक पोरगा होता, आणि बरोबर तो पोरगाच होता.

शास्त्रज्ञ याकडे कसं पाहतात? शिकागो विद्यापीठाच्या दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज यांनी २०२२ मध्ये या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सगळ्यांच्या ओळखीची ४० चित्रं आणि बोधचिन्हं घेतली. प्रत्येकाच्या तीन आवृत्त्या ठेवल्या, एक खरी आणि दोन किंचित बदललेल्या, आणि लोकांना खरी ओळखायला सांगितली. सात चित्रांबाबत लोक नुसते चुकलेच नाहीत, तर बरेच जण त्याच एका चुकीच्या आवृत्तीकडे बोट दाखवत होते आणि तेही खात्रीने. घरात लहान मुलं असतील तर करून पाहा. पिकाचूच्या शेपटीचं टोक कसं आहे विचारा. काळं, असं अनेक मुलं सांगतील. काळी टोकं त्याच्या कानांना आहेत. मोनोपॉली खेळाच्या डब्यावरच्या मिशीवाल्या शेठजीला एका डोळ्याचा चष्मा आहे का? नाही. पण जुन्या काळचा श्रीमंत साहेब म्हटला की तसला चष्मा हवाच, म्हणून मन तो चढवून देतं.

पिकाचूच्या शेपटीला मात्र हे कारण लागू पडत नाही. कुठल्याही एका कारणाने सगळ्या चुका उलगडत नाहीत, हे त्या संशोधकांनीही म्हटलं आहे. आणि लोकांनी चित्राकडे नीट पाहिलं नव्हतं म्हणून चुकले, असंही आढळलं नाही.

आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू, हवी तेव्हा काढली आणि पुसून परत ठेवली, अशी आपली कल्पना असते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात ती मोडीत काढली. त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक विचित्र लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली. प्रत्येक खेपेला गोष्ट थोडी इंग्रज होत गेली. तिथल्या खास होड्या साध्या नावा झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली आणि जे समजलं नव्हतं ते गळून गेलं. आठवताना माणूस गोष्ट नव्याने रचतो. बिर्याणीची हंडी दर वेळी नव्याने लावावी तशी. मसाला घरातला, हात आपला. आणि पुढच्या खेपेला आठवते ती मूळ हंडी नाही, मागच्या वेळी आपण लावलेली.

एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९७४ चा प्रयोग तर मला वकिलांनी, पोलिसांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी, सगळ्यांनीच वाचावा असा वाटतो. लोकांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. मग काही जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर "आदळून चक्काचूर झाल्या" तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या "धडकल्या" तेव्हा किती होता? आठवड्याने सगळ्यांना एकच प्रश्न केला, फुटलेल्या काचा पाहिल्या का? फिल्ममध्ये एकही काच फुटलेली नव्हती. "धडकल्या" ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना काचा आठवल्या, "चक्काचूर" ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना. विचारणाऱ्याच्या एका शब्दाने ही करामत केली. यांतला कुणीही खोटारडा नव्हता.

उर्दू शेरोशायरीच्या बाबतीत तर आपली घरं अशा काचांनी भरलेली आहेत. माझीच फजिती सांगते. शाळेच्या एका कार्यक्रमात सूत्रसंचालन करताना मी उलट्या वाऱ्याला न घाबरणाऱ्या गरुडाचा तो प्रसिद्ध शेर म्हटला आणि मोठ्या ऐटीत अल्लामा इक्बालांचं नाव घेतलं. कार्यक्रमानंतर एका ज्येष्ठ पालकांनी बाजूला बोलावून हळूच सांगितलं, "बेटी, हा इक्बालांचा नाही, सय्यद सादिक हुसेन काझमी यांचा आहे." माझा विश्वासच बसेना. इक्बालांच्या संग्रहात तो वाचल्याचं मला आठवत होतं! पानही डोळ्यांसमोर होतं. घरी येऊन संग्रह चाळला. ते पान नव्हतंच. गरुड म्हटला की इक्बाल, एवढ्या एका ओळखीवर माझ्या मनाने पानसुद्धा छापून ठेवलं होतं.

तेव्हापासून मी शायरांची नावं तपासू लागले आणि एकेक धक्का बसत गेला. कुणाच्या डोळ्यांतला प्रकाश नसलेल्या माणसाची ती गझल आपण बहादूरशाह जफर यांची म्हणून ऐकत आलो. १९६० च्या 'लाल किला' चित्रपटात रफीसाहेबांनी ती गायली आणि रंगूनच्या कैदेतला म्हातारा बादशहा आपल्या डोळ्यांसमोर कायमचा उभा राहिला. ती गझल मुज्तर खैराबादी यांची असल्याचं आज मानलं जातं. त्यांचे नातू जावेद अख्तर यांनी आजोबांचं विखुरलेलं काव्य 'खिरमन' या नावाने छापून आणलं आहे. चार दिवसांच्या आयुष्याचा तो शेरही जफर यांचा नव्हे, सीमाब अकबराबादी यांचा. आणि 'सरफरोशी की तमन्ना' रामप्रसाद बिस्मिल यांची, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. ती लिहिली पाटण्याच्या बिस्मिल अज़ीमाबादी यांनी. रामप्रसाद यांच्या ओठांवर ती होती, त्यांनी ती देशभर नेली, १९२७ मध्ये ते फाशी गेले, आणि दोघांचं तखल्लुस एकच. चूक व्हायला आणखी काय हवं? यात कुणाचा कट नाही. शहीदाच्या थोरवीला काही उणेपणाही येत नाही. पण पाटण्याचा शायर मात्र स्वतःच्याच गझलेतून बेदखल झाला, हेही खरं.

आता ते कारण, जे पुढे सांगते म्हटलं होतं.

नानीजवळ सोन्याचे दोन जाड कंगन होते. ते आज कुठेच नाहीत. खालाजानना आठवतं की १९७७ मध्ये अम्मीच्या निकाहच्या दिवशी ते नानीच्या हातात होते. त्यांनी स्वतः पाहिले. म्हणजे त्यानंतर ते गुपचूप धाकटीला, अम्मीला मिळाले. अम्मीला आठवतं की त्याच्या दोन वर्षं आधी, मामूंना कुवेतला जायचं होतं तेव्हा तिकिटासाठी आणि एजंटासाठी ते विकले गेले; सराफाकडे जाताना नानी रडली तेही तिला आठवतं. नऊ वर्षांपूर्वी एका घरगुती बोलण्यात हा विषय निघाला आणि "तू खोटं बोलतेस" हा शब्द पडला. तेव्हापासून खालाजान ईदला येतात, जेवतात, पण अम्मीशी कामापुरतं बोलतात. मामू हयात नाहीत. नानी तर १९९४ लाच गेली. विचारणार कुणाला?

नऊ वर्षं मी मनातल्या मनात अम्मीची बाजू घेत आले, मुलगी म्हणून. अनारकलीच्या त्या दुपारनंतर ते पहिल्यासारखं जमेना. शेवटची वीट मला जितकी लख्ख आठवत होती, तितकंच लख्ख खालाजानना ते कंगन आठवत असतील. त्या खोटं बोलत नसतील, अम्मीही बोलत नसेल. आणि दोघींपैकी एकीची, कदाचित दोघींचीही, आठवण चुकीची असेल.

माझा भाऊ हाफिज आहे. हे सगळं त्याच्यापाशी बोलले तर त्याला नवल वाटलं नाही. तो म्हणाला, तरावीहमध्ये चूक होते ती बहुधा एकसारख्या आयतींपाशी. दोन सूरतींमध्ये शब्द जवळजवळ तेच असतात आणि बेसावध क्षणी माणूस एकीतून दुसरीत निघून जातो, त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून तर मागे दुसरा हाफिज उभा असतो, लुकमा द्यायला. "पाठ असलेल्यालाच मागे माणूस लागतो," तो म्हणाला. "आणि लुकमा मिळाला म्हणून कुणी रागावत नाही." सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची जी ताकीद आहे, तिचीही त्याने आठवण दिली, एक विसरली तर दुसरीने आठवण द्यावी, असं तिथे कारणही दिलं आहे. आमच्या नानीने कंगन दिले असोत वा विकले असोत, कुठे चिठ्ठीचा तुकडा लिहिला असता तर!

वाचक भगिनींनो, तुमच्याही घरात असा एखादा कंगन असेल. अब्बांनी जमीन कुणाला देऊ केली होती, भावाने उसने घेतलेले पैसे परत केले होते की नाही, सासूबाई लग्नात नेमकं काय म्हणाल्या होत्या. असा वाद निघाला तर सगळ्यांना एकत्र बसवून आठवायला लावू नका. पहिला जो ठामपणे बोलेल त्याचीच आठवण बाकीच्यांची होऊन जाते. प्रत्येकाला वेगळं विचारा, शक्य तर लिहून घ्या. "कंगन नानीने काढून दिले ना?" असं विचारलंत तर फुटलेल्या काचाच हाती लागतील, "त्या दिवशी काय काय पाहिलं?" एवढंच विचारा. जुने फोटो, पावत्या, पासबुकं, पत्रं रद्दीत घालण्याआधी एकदा पाहा. आणि म्हाताऱ्या माणसाला तोंडावर खोटारडं म्हणू नका. त्याच्यापाशी आता आठवणीच उरलेल्या असतात.

ईदनंतर दोन आठवड्यांनी मी लोखंडी पेटी उपसली. अम्मीच्या निकाहचा एक फोटो सापडला. नानी उभी आहे, हात पुढे, मनगट स्पष्ट. मनगटावर बांगड्या आहेत आणि त्यांत दोन जाडसर काहीतरी आहे. पण फोटो काळा-पांढरा. सोनं की काच, काही कळत नाही. मी भिंगाने पाहिलं, भाच्याने फोनवर मोठा करून पाहिला. काही नाही.

तरी खालाजानना बोलावलं. त्या आल्या त्या आधी भाच्यालाच कामाला लावलं, "तो दुसरा पिक्चर दाखव, बीना रायवाला." त्याने १९५३ चा 'अनारकली' शोधून शेवट लावला. भिंत पुरी झाली. खालाजान समाधानाने मान हलवत म्हणाल्या, "हेच. हेच पाहिलं होतं मी." अम्मी म्हणाली, "पण आपा, हा आपण पाहिलेलाच नाही. हा अम्माने पाहिला होता." खालाजान बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीपाशी उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. मला वाटलं आता म्हणतील, बघा, म्हटलं नव्हतं? पण त्यांनी मान वळवून अम्मीला विचारलं, "तुला काय दिसतं यात?"

नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी अम्मीला काही विचारलं होतं. अम्मी उठून त्यांच्याजवळ गेली. दोघी डोकं डोक्याला लावून पाहत राहिल्या.

"ते जाड काय आहे, देव जाणे," अम्मी म्हणाली. "पण बाकीच्या बांगड्या हिरव्या होत्या. काचेच्या."

"हिरव्या कुठल्या? लाल होत्या," खालाजान म्हणाल्या. "मीच तर भरायला घेऊन गेले होते तिला."

"मी पण होते की तेव्हा!"

"तू? तू तर हळदीची बसली होतीस घरात."

आणि दोघींना एकदम हसू फुटलं.